ओट्यावरचा झिरा

तीर्थरूप देवानंददादा यांच्या चरणी धाकटी बहीण प्रमिला हिचा वाकून नमस्कार.

आधी तब्येत कशी आहे ते कळवा. पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारत नाही, खरंच विचारते आहे. छातीत जड वाटणं, जिना चढताना धाप लागणं, डाव्या हाताला मुंग्या येणं, असं काही नाही ना? जेवण जातं ना? तुम्ही सुखरूप आहात असं मला तुमच्याच अक्षरात, तारीख घालून, सहीनिशी हवं आहे. वहिनींना नमस्कार. पाकिटावर त्यांचं नाव आहे म्हणून त्यांनीच आधी फोडलं असेल, तर त्यांनी घाबरून जाऊ नये (तुमचं नाव का घातलं नाही ते शेवटी लिहिते). पत्रात तुम्हाला अहोजाहो करते आहे त्याचंही नवल मानू नका. तोंडावर मी तुम्हाला तूच म्हणते, पण चार वर्षांत तोंडच दिसलं नाही, आणि इतक्या लांबून अरेतुरे करायला संकोच वाटतो. इकडे कविता बरी आहे, कॉलेजला सुट्टी लागली म्हणून जव्हारहून घरी आली आहे. हेही बरे आहेत. तुमचे हे मेहुणे घरजावई होऊन आपल्या घरात आले त्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ते जेवढं बोलले त्याहून जास्त तुम्ही त्या यंत्रासोबतच्या सूचनांत लिहून पाठवलं आहे.

फोन का केला नाही असं विचाराल. तुम्ही ठाण्याहून पाठवलेली ती मोठी पॉवर बँक माझ्याच ओट्यावर आहे, आणि तिच्यापुढच्या रांगेत माझ्या फोनचा नंबर चोविसावा आहे. पाड्यात घरं चोवीस आहेत. म्हणून हे पत्र, तेही अंगणवाडीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर (मुलांची वजनं पुढच्या बाजूला दिसतील, ती वाचू नका, वाचून तुमचं जेवण जायचं नाही). तुम्हीही इकडे कुणाला फोन लावू नका. पांड्याला तर मुळीच नको. त्याची जीप दिवसभर घाटात असते, आणि तुमचं नाव फोनवर उमटलेलं पाहून त्याच्या हातून स्टिअरिंग सुटलं तर दहा-बारा माणसं हकनाक जातील. का ते विचारू नका. पत्र वाचत राहा.

तर पॉवर बँक पोचली. पांड्यानेच आणून दिली, दोन्ही हातांत धरून, कारण त्याला वाटलं वहिनींनी गुळाची ढेप पाठवली. वजनाने वीट, रंगाने काळी, अंगावर चार बारीक दिवे आणि वायरी खुपसायला तीन तोंडं. सत्तावीस हजार की काय तिची ताकद आहे असं तुम्ही लिहिलं होतं, दोन वेळा, खाली रेघ मारून. सोबत छापलेल्या सूचनांचं एक पान आणि तुमच्या अक्षरातली दोन पानं. पहिल्या वापराआधी पूर्ण चार्ज करून घ्यावी, असं पहिल्याच ओळीत आहे. दादा, आपली डीपी एप्रिलच्या वादळात जळली तेव्हापासून पाड्यात वीज नाही, आणि वीज नाही म्हणून तर तुम्ही ही वस्तू पाठवलीत. पुढे, यंत्र कोरड्या जागी ठेवावं. दुसऱ्या प्रकारची जागा इथे मे महिन्यात कुठे मिळेल ते कळवलंत तर यंत्राच्या आधी आम्हीच तिथे जाऊन राहू. त्यापुढे, पाण्याचा संपर्क होऊ देऊ नये. ती काळजी आमच्या वतीने सरकार घेतं. गेल्या वर्षी घरोघरी निळे नळ बसले, नळाशेजारी उभं राहून आम्ही फोटो काढले, ते फोटो वर गेले आणि कागदावर आमच्या घराघरांत पाणी आलं. आमच्या नळाच्या तोंडात सध्या एक पाल राहते. कविता त्याला ओले कपडे वाळत घालायची, आता ओले कपडेही नसतात.

तुमच्या मनात होतं की भाचीचा लॅपटॉप चालावा. तो लॅपटॉपही तुमचाच, तुम्ही नवा घेतल्यावर जुना इकडे आला, आणि त्याची बॅटरी अशी की वायर काढली की सात मिनिटांत डोळे मिटतो. (तुमच्या घरातून निघालेली प्रत्येक वस्तू आमच्याकडे म्हातारपण काढायला येते, त्याबद्दल तक्रार नाही.) पण नेमकं त्याच वेळी ग्रामसेवक भाऊसाहेब घरी आले. पंचायतीचा संगणक विजेअभावी बंद, त्यांच्याकडे चार गावं, आणि आपल्या पाड्याच्या टँकरचा प्रस्ताव राहून गेलेला. प्रस्ताव ऑनलाइनच भरायचा. तो फॉर्म गावाच्या हद्दीतच उघडतो, खोडाळ्याला जाऊन भरू म्हटलं तर चालत नाही, म्हणजे तो भरायचा तर जिथे वीज नाही तिथेच बसून भरायचा. पाड्यात लॅपटॉप एक, तो कविताचा. तिने पहिल्याच दिवशी पॉवर बँक लावून, डोंगराच्या टोकावरच्या कातळावर बसून (नेटवर्क फक्त तिथेच येतं, आणि फोन असलेलं अख्खं गाव संध्याकाळी तिथे गोळा होतं) फॉर्म भरला. आटलेल्या विहिरीचा फोटो, घरांची यादी आणि आपल्या झिऱ्यावरच्या रांगेचा फोटो, सगळं जोडलं. पॉवर बँकेचे चारही दिवे त्यात विझले. आम्हाला वाटलं, सुटलो.

आता झिऱ्याचं सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, पण घरात नळ फिरवला की पाणी येणाऱ्या माणसाच्या डोक्यातून अशा गोष्टी आधी जातात. नाल्याच्या कोरड्या पात्रात, आपल्या शेताच्या बांधाखाली तो खड्डा आहे. तळाशी पाणी पाझरतं आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. उन्हाळ्यात एका हंड्याला तास लागतो. सगळ्यांनी हंडे घेऊन दिवसभर बसायचं म्हटलं तर रोजगारावर कोण जाणार, म्हणून रांगेत हंडा नाही, दगड ठेवतात. प्रत्येक घराचा आपला दगड. कुणाचा चपटा, कुणाचा खापराच्या रंगाचा. आपला पांढरा, आजोबांनी ठेवलेला. नंबर आला की निरोप जातो आणि मगच हंडा येतो. नंबराआधी रिकामा हंडा झिऱ्यावर नेला तर झिरा रुसतो असं मानतात, आणि झिरा रुसला नाही तरी बायका रुसतात. बाकीचे नियम असे: बाळंतीण पहिली. लग्नघराला एक हंडा जास्त. पाहुण्याला तांब्याभर, तोही तिथेच प्यायचा, घेऊन जायचा नाही. गुरांचं पाणी माणसांनंतर. मयताचं घर सगळ्यांच्या आधी, बाळंतिणीच्याही. आणि ज्याच्या जमिनीत झिरा तो मालक सगळ्यांच्या शेवटी, नाहीतर तोच पहाटे उठून झिरा कोरडा करील. हा शेवटचा नियम आपल्या आजोबांनी स्वतःच घालून दिला. (नातवंडांचा विचार न करता मोठेपणा करायची आपल्या घराण्यात जुनी रीत आहे.) रांगेवर गोदीआजी असते. तिला वाचता येत नाही, पण चोवीस दगड डोळे मिटून ओळखते. तिचा निकाल तालुक्यालाही फिरवता येत नाही.

पॉवर बँक पहिल्यांदा भरून आली ती पांड्याच्या जीपमधून. खोडाळ्याच्या गिरणीत दिवसभर लावून ठेवली तर चारही दिवे लागतात, मग तो एक दिवसाआड नेऊ-आणू लागला. ती ओट्यावर ठेवली आणि गोदीआजी काठी टेकत आली. तिने वस्तू उलटीपालटी करून पाहिली आणि मला विचारलं, "हे आटतं का?" मी म्हटलं, आटतं. "मंग परत भरतं?" म्हटलं, हळूहळू भरतं. "सगल्यांना पुरतं?" म्हटलं, नाही पुरत. "मंग हा झिराच हाय. येवढी शिकलीस न तुला कलत नाय?" एवढं बोलून ती खाली उतरली आणि संध्याकाळपर्यंत आपल्या ओट्यावर घरोघरचे दुसरे तेवीस दगड मांडून झाले. पांढरा दगड तिने स्वतः आणून शेवटी ठेवला. मी म्हटलं, आजी, ही माझ्या दादाने मला दिली आहे. ती म्हणाली, "म्हनून तर."

तुम्ही म्हणाल, विरोध का केला नाही. कुठल्या तोंडाने करू? दोन वर्षांपूर्वी पुष्पाने स्वतःच्या परसात खड्डा खणला, त्याला ओल लागली, तेव्हा मालक शेवटी म्हणून तिला मीच चारचौघींत ऐकवलं होतं. आता पुष्पा पहिल्याच दिवशी येऊन माझ्या ओट्यावर पाय पसरून बसली, सुपारी कातरली आणि दिवसभर माझ्याकडे पाहत राहिली. पाय घसरून पडलेल्याला हसू नये असं शाळेत शिकवतात, पण पुष्पा शाळेत गेलेली नाही.

दादा, तुमच्या त्या दोन पानांत कुठेही नसलेले नियम आता त्या यंत्राला लागले. तीन तोंडं आहेत, एका वेळी तीन फोन लागतील असं कविता सांगून थकली. गोदीआजी म्हणाली झिऱ्याला तोंड एकच, आणि बाकीच्या दोन तोंडांत तिने चिंधीचे बोळे कोंबले. एका फोनला एक हंडा, म्हणजे एक तास. घड्याळ नको, तिला उन्हावरून कळतं. बाळंतीण पहिली म्हणून पुष्पाची सून चिमी रोज सकाळी पहिली. बाळाला मांडीवर घेऊन तासभर फोन लावते आणि दुसऱ्या तासाला त्यावर नाचाचे व्हिडिओ पाहून तो संपवते. सोन्याच्या मुलाचं लग्न, म्हणून लग्नघराचा एक हंडा जास्त. त्यांनी फोन आणला नाही, डीजेचा खोका आणला, आणि तो एका बैठकीत दीड दिवा प्यायला. (हळदीला धवलेरी बाई गाणी म्हणत होती, तिचं कुणाला ऐकू गेलं नाही. तिला चार्जिंग लागत नाही, हा तिचा दोष.) भाऊसाहेब परत आले तेव्हा त्यांचाही फोन बंद पडला होता. ते पाहुणे, म्हणून त्यांना तांब्याभर मिळालं, दहा मिनिटं, तिथेच बसून. त्यात फोन चार टक्के झाला आणि ते उठेपर्यंत तीन टक्के.

त्यांनी आणलेला निरोप मात्र शंभर टक्के होता. प्रस्ताव परत आला होता. मी वाचून पाठ केला आहे: "सादर छायाचित्रात पाण्यासाठीची रांग दिसून येत नाही. केवळ दगड दिसून येतात. सबब पाणीटंचाई सिद्ध होत नाही. फेरप्रस्ताव शुक्रवार दुपारपर्यंत सादर करावा." दादा, तुम्ही ऑफिसात आहात, तुम्हाला सबब हा शब्द रोज दिसत असेल. आमच्याकडे तो तहानेच्या शेवटी लागतो. मी भाऊसाहेबांना म्हटलं, साहेब, तो प्रत्येक दगड एक घर आहे. ते म्हणाले, ताई, मला माहीत आहे, पण फॉर्मला माहीत नाही, हंडे मांडून फोटो काढा. मी झिऱ्यावर जाऊन बायकांना म्हटलं, फोटोपुरते हंडे आणा. गोदीआजीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हंड्यात थुंकायला सांगितलं. रिकामा हंडा झिऱ्याला दाखवायचा, तोही साहेबाच्या फोटोसाठी? एकही बाई उठली नाही. आणि फोटो मिळाला असता तरी भरायचा कशात? लॅपटॉप घेऊन मी ओट्यावर गेले तर आजीने विचारलं हे किती पितं. कविता खरं बोलली, सात-आठ फोनांएवढं. "मंग ही म्हैस," आजी म्हणाली, "मानसांचं झालं का मंग म्हशीचं." म्हणजे आमच्या घरचा दगड सगळ्यांत शेवटी, आणि त्याच्यामागे म्हैस. म्हशीपर्यंत पोचेतो पॉवर बँकेत फक्त वजन उरायचं.

खरं सांगते, मला तेव्हा हसू येत नव्हतं. अंगणवाडीत सतरा मुलं आहेत. खिचडी शिजवायला मी रोज आपल्या हंड्यातलं पाणी नेते, आणि आपला हंडा शेवटचा. सोमवारी झिऱ्याच्या तळाला वाटी टेकली तेव्हा नुसता चिखल वर आला. त्या दिवशी खिचडी शिजली नाही, मुलांना कोरडे फुटाणे दिले, आणि माघीच्या धाकट्या पोरीने ते घशात अडकल्यावर पाणी मागितलं. टँकर जूनपर्यंत आला नाही तर काय होईल ते मला तक्त्याच्या पुढच्या बाजूला लिहावं लागलं असतं. म्हणून बुधवारी दुपारी मी जे केलं ते केलं.

काय केलं ते इथे लिहीत नाही, पत्राच्या मजकुरात शोभणार नाही. एवढंच लिहिते की बुधवारी दुपारी ओट्यावरचे दगड आपोआप बाजूला झाले, म्हैस आधी प्यायली, फोटोत हंडेही आले. गुरुवारी सकाळी कविताने पॉवर बँक सोबत नेऊन, कातळावर बसून फॉर्म पुन्हा भरला आणि शुक्रवारी प्रस्ताव मंजूर झाला. आज रविवार. उद्यापासून टँकर येईल. दादा, याचं सगळं श्रेय तुम्हाला आहे. पॉवर बँकेमुळे म्हणत नाही. तुम्ही स्वतः पुढे झालात म्हणून हे झालं. पाड्यात आज जो तो तुमच्याबद्दल चांगलं बोलतो आहे, पुष्पासुद्धा.

वडील माणसांना लहानांनी काय लिहावं. कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला आणि जिवाला जपा, या आठवड्यात विशेष.

तुमची धाकटी बहीण,
प्रमिला

ता. क. तुम्ही पाठवलेल्या तीन वायरींपैकी लॅपटॉपची वायर डीजेच्या खोक्यासोबत लग्नघरी गेली होती, ती मिळाली. तिला हळद लागली आहे.

दुसरा ता. क. आता मुख्य गोष्ट. दादा, बुधवारी दुपारी जेवणाच्या सुमारास तुम्ही वारलात. मला दुसरा मार्ग सुचला नाही. मयताचं घर सगळ्यांच्या आधी, हा नियम वर लिहिलाच आहे. कुणाला तरी मारणं भाग होतं. ह्यांना मारावं तर हे समोरच तंबाखू मळत बसले होते. कविताचं नाव घ्यायला जीभ वळेना. तुम्ही तेवढे सोयीचे होतात. चार वर्षांत कुणी तुम्हाला पाहिलेलं नाही, पाड्याच्या हिशेबी तुम्ही अर्धेमुर्धे गेलेलेच होतात, मी फक्त उरलेलं केलं. मी ओट्यावर बसून म्हटलं, दादा गेला. गोदीआजीने विचारलं, कशानं? मी म्हटलं, छातीनं. (म्हणून वर तब्येत विचारली. बोललेलं खरं होतं म्हणतात, मला तेव्हापासून झोप नाही.) पुढचं मला काही करावं लागलं नाही. पांड्या म्हणाला की दिवाळीत कल्याण स्टँडवर त्याने तुम्हाला पाहिलं तेव्हाच तुम्ही पिवळे दिसत होतात. तुम्ही दिवाळीत कल्याणला होतात का ते कळवा. पुष्पाला तुम्ही स्वप्नात येऊन पाणी मागून गेलात. सोन्याने लग्नघरी डीजे बंद केला, आणि धवलेरीचं गाणं पाड्याला पहिल्यांदा ऐकू आलं. कविताला मी आधी सांगितलं नव्हतं, ती तासभर खरं रडली आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ह्यांना आतल्या खोलीत नेऊन खरं सांगितलं. ते मळलेली तंबाखू परत डबीत घालत म्हणाले, "देवानंदला कळवलंस का?" ते हे पत्र.

फोन करून सांगितलं असतं, पण नेटवर्कचा कातळ एकच आहे. तिथे सगळ्या गावासमोर उभी राहून मयत भावाशी काय बोलणार होते? आणि मयताच्या नावाने पाकीट तरी कसं धाडणार, म्हणून त्यावर वहिनींचं नाव.

तिसरा ता. क. मला वाटलं होतं, दोन तास दगड बाजूला होतील, लॅपटॉपचं काम होईल आणि संध्याकाळी बातमी खोटी निघाली म्हणून सांगू. पण मी आपली रीत विसरले होते. मयताच्या घरच्यांनी आंघोळ करायची असते आणि त्याला घरटी पाणी येतं. गोदीआजीने कुणाला सांगितलं नाही, बोलावलं नाही. बायका एकेक करून आपापला हंडा घेऊन आल्या आणि आपल्या अंगणात ओळीने ठेवून गेल्या. तेवीस हंडे. कुणाच्या तळाला तांब्याभर, कुणाच्या तळाला वाटीभर. चिमी ओली बाळंतीण, तिचा पण हंडा. माघीचाही, जिच्या पोरीला सोमवारी मी पाणी देऊ शकले नाही. कविता रडत रडत दारात उभी होती, तिला काय वाटलं कुणास ठाऊक, फोन काढून तिने त्या ओळीचा फोटो घेतला. तोच फॉर्मला लागला. मंजुरीत लिहिलं आहे: "छायाचित्रात रिकाम्या हंड्यांची रांग स्पष्ट दिसते. टंचाई सिद्ध होते." वरून काढलेल्या फोटोत तळातलं पाणी दिसत नाही. ते हंडे घ्यायला आलेले नव्हते, द्यायला आलेले होते, हे फॉर्मला कळलं असतं तर प्रस्ताव परत आला असता.

त्या पाण्याने मी आंघोळ केली, दादा. नाही म्हणता आलं नाही. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

शेवटचा ता. क. आता अहोजाहो पुरे. तू ये. पुढच्या रविवारी तुझं बारावं आहे. घराघरांतून नागली आणि तांदूळ जमा झाले आहेत, टँकरच्या पाण्यावर तुझ्या नावाचं जेवण शिजणार आहे. तुला लहानपणी कडेवर घेऊन झिऱ्यावर नेणारी गोदीआजी पाच दिवस एकवेळच जेवते. तिला मी काय सांगू? मी खोटं बोलले हे मी कबूल करीन, त्याची शिक्षा म्हणून मला रांगेत शेवटी टाकतील, तिथे मी एरवीही असतेच. पण तू जिवंत आहेस हे माझ्या तोंडून आता कुणी मानणार नाही, ते तुलाच येऊन दाखवावं लागेल. बुधवारी आजीने आजोबांचा पांढरा दगड ओट्यावरून उचलला आणि झिऱ्यावर नेऊन सगळ्यांच्या पुढे ठेवला. तो अजून तिथेच पहिला आहे. रोज सकाळी माझा हंडा सगळ्यांत आधी भरतो, चिमी बाळ घेऊन बाजूला थांबते, आणि ते पाणी मला घशाखाली उतरत नाही. मी दगड मागे न्यायला गेले तर आजी म्हणाली, तो मालकानेच उचलायचा असतो. दुसरं काही यंत्र पाठवू नकोस. शनिवारची गाडी धर. रविवारी दुपारच्या आत पोच, कारण एकदा पंगत उठली की गोदीआजी निकाल फिरवत नाही.